काठी कोणाची?

डहाणूच्या डाकघरात मी दोन अर्ज पुढ्यात घेऊन बसलो होतो. एक आठ वर्षांच्या मुलीच्या नावे सुकन्या समृद्धीचा, दुसरा माझ्या नावे पीपीएफचा. महिन्याकाठी बाजूला पडणारी रक्कम इतकी लहान, की तिचे दोन भाग करायलाही संकोच वाटावा. खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, कोणतेही घ्या, दोन्हींत कर वाचतो."

मला हसू आले. तळासरीकडच्या एका लहान शाळेत शिकवून आणि कादंबऱ्या लिहून जे मिळते, ते कराच्या उंबरठ्यापर्यंत कधी पोचलेच नाही. वजावटीचा लाभ ज्याला कर भरावा लागतो त्यालाच. तोही 2020 साली आलेली नवी कररचना सोडून जुनी पत्करली तर. घोलवडच्या चिकूवाडीत मजुरी करणाऱ्याला या सवलतीचा काय उपयोग? म्हणजे कराचा प्रश्न बाजूला पडला आणि त्याच्याखाली झाकलेला प्रश्न उघडा झाला: आजच्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, मुलीच्या शिक्षणाचा की माझ्या म्हातारपणाचा?

घरी हा प्रश्नच नव्हता. पत्नी म्हणाली, "अहो, पोरीच्या आधी स्वतःचे? ऐकणारा काय म्हणेल?" ऐकणारा मला स्वार्थी म्हणेल, हे खरे. आईबापांनी पोटाला चिमटा घ्यावा आणि मुलांना शिकवावे, ही आपली रीत. माझ्या वडिलांनी तेच केले. होते नव्हते ते घालून त्यांनी मला, त्यांच्याच शब्दांत, 'मॅट्रिक' केले. पुढे त्यांच्या हाती काही उरले नाही. त्यांनी कधी एक पैसा मागितला नाही; तरी दरमहा त्यांच्या हातावर पैसे ठेवताना मला हप्ता भरल्यासारखे वाटे, आणि घेताना त्यांची मान खाली जाई. आमच्यातले प्रेम त्या हप्त्याखाली दबून गेले. दान म्हणून दिलेले त्यांच्या नकळत कर्ज झाले होते.

कर्ज या तालुक्यांना नवे नाही. इथे लग्नगडी असत. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी बायकोसह त्याच्याकडे राबायचे. फेड मात्र संपत नसे. 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वारली उठले आणि ती प्रथा मोडली. गोदावरीबाईंनी ती हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. बाप सावकार नव्हे, ही तुलना कठोर आहे, हे मी जाणतो. पण सावकाराचे देणे निदान नाकारता तरी येते. प्रेमाचे देणे कसे नाकारायचे? पीपीएफमधली रक्कम देण्यापायी न्यायालयालाही जप्त करता येत नाही. मुलीचे उभे आयुष्य मात्र बापाच्या खोकल्यापायी जप्त होऊ शकते.

आपल्या पूर्वजांनी पितृऋण मानले, पण ते फेडायची वाट बापाकडे परत जात नाही. ती संततीकडे, म्हणजे पुढे जाते. ऋण खाली वाहावे, पाण्यासारखे. 'मुले म्हणजे म्हातारपणाची काठी' असे म्हणताना आपण ते पाणी उलटे चढवतो.

मग हिशेब सोपा झाला. शिक्षणाला शिष्यवृत्ती आहे, बँकेचे कर्ज आहे. म्हातारपणाला कर्ज कोण देणार? पीपीएफची मुदत पंधरा वर्षांची. ती भरेल तेव्हा मी साठीच्या आसपास असेन. सुकन्येत वर्षाला 250 रुपयेही चालतात, आणि मुलगी अठरा वर्षांची झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मोठा वाटा मी माझ्या खात्यात घातला, लहान तिच्या.

मन अजून स्वस्थ नाही. उद्या तिच्या कॉलेजला पैसे कमी पडले, तर ती मला विचारील. आणि विचारण्याचा तिला अधिकार आहे. तेव्हा मी एवढेच सांगेन: बाळ, तुला कमी दिले, पण जे दिले ते तुझेच आहे. मला ते परत करायचे नाही. माझी काठी मी आधीच घेऊन ठेवली आहे.