सुकलेली पाने, जिवंत खोड



सह्याद्रीतील जुन्या झाडांवर आणि कातळांवर ‘बाशिंग’ नावाचा नेचा वाढतो. पावसाळ्यात त्याची लांब हिरवी पाने डौलाने पसरतात; कोरड्या ऋतूत ती गळून पडतात. पाहणाऱ्याला वाटते, हा मेला. परंतु त्याचे मांसल, आडवे खोड खवल्यांच्या दाट आवरणाखाली पाणी व अन्न जपून असते आणि टोकाचा कोंब वाढ थांबवून वाट पाहत असतो. या नेच्याला आखूड, बसकी अशी दुसरीही पाने असतात. ती वाळून तपकिरी होतात, तरी खोडाला बिलगून राहतात. त्यांच्या ओंजळीत पालापाचोळा साचून कुजतो व त्याचेच खत होते. पाऊस आला की खोडातून गुंडाळलेले कोंब निघून उलगडू लागतात.

मृत भूमीला पावसाने जिवंत करणे, ही निशाणी पवित्र कुरआनने वारंवार दाखविली आहे आणि तिच्याद्वारे मरणोत्तर जीवनाची साक्ष दिली आहे. सूरह अल्-हदीदमध्ये (57:16-17) मात्र तिचे स्थान विशेष आहे. दीर्घ काळ लोटून ज्यांची अंतःकरणे कठोर झाली, त्यांच्यासारखे होऊ नका, असा इशारा श्रद्धावंतांना दिल्यावर लगेच भूमीला पुन्हा जीवन देणाऱ्या अल्लाहचे स्मरण करून दिले आहे. कठोर झालेले हृदयही त्याच्या कृपेने पालवू शकते, हा दिलासा त्यात आहे.

आपल्या घरातील एखादा मुलगा नमाजपासून दुरावतो. वडील चारचौघांत म्हणतात, “याच्यात आता काही उरले नाही.” हा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? अंतःकरणातले केवळ अल्लाह जाणतो. वडीलधाऱ्यांनी त्या बसक्या पानांसारखे व्हावे. स्वतः सुकले तरी कोंबाला पोसावे. टोमणा मारू नये, दुआ सोडू नये.

आणि जो दुरावला आहे, त्याने एक भेद ओळखावा. नेच्याची विश्रांती निर्मात्याच्या नियमाने ठरलेली आहे. आपली गफलत आपण स्वतः निवडलेली असते. नेचा पुढच्या पावसाची वाट पाहू शकतो. आपल्याला पुढच्या अजानचीही हमी नाही. तौबाचे द्वार अखेरच्या घटकेपर्यंत उघडे आहे, पण ती घटका कोणती, हे कोणासही ठाऊक नाही. म्हणून आजच्या एका नमाजने प्रारंभ करावा.

हे अल्लाह! आमच्या सुकलेल्या अंतःकरणांवर तुझ्या कृपेचा वर्षाव कर. आमीन.