शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मराठी मुलखात इतकी रुळली आहे की, ती एखाद्या धर्मवचनासारखी मान्य केली जाते. तिच्यामागे अनुभव आहे, हे नाकारता येणार नाही. दावा लावायचा तर कोर्ट फी, वकिलाची फी आणि नकलांचा खर्च येतो. प्रकरण नाशिकच्या जिल्हा न्यायालयापर्यंत गेले, तर सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या माणसाला एसटीचे भाडे भरावे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. पुढची तारीख पडली की हाच खर्च पुन्हा येतो.

परंतु वाचक बंधु-भगिनींनो, ही म्हण कोणाच्या सोयीची आहे, याचा विचार आपण केला आहे काय? ज्याचा हक्क बुडाला, त्याला ती गप्प बसवते. ज्याने तो बुडवला, त्याला ती निर्धास्त करते.

आपल्या घरांतलेच उदाहरण घ्या. वडिलांचे निधन होते. मागे घर, दुकान, थोडी शिल्लक राहते. मालमत्ता थोडी असो वा जास्त, तीत स्त्रियांचाही हिस्सा आहे, असे दिव्य कुरआनच्या सूरह अन-निसाने बजावले आहे आणि मुलीचा वाटा नेमून दिला आहे. बहीण तो मागते, तेव्हा भाऊ म्हणतो, “कोर्टात जा.” हे म्हणताना त्याच्या मनात न्यायालयाविषयी आदर नसतो, बहिणीजवळ वकिलाला द्यायला पैसे नाहीत, एवढी खात्री असते. ती जात नाही. वर्षे लोटतात आणि भाऊ स्वतःची समजूत घालतो की, मार्ग तर तिला मोकळा होता, ती गेली नाही, यात माझा काय दोष?

या प्रश्नाचे उत्तर हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितलेल्या एका प्रसंगात आहे. जुन्या वारसाहक्काचा वाद घेऊन दोन माणसे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. पुरावा दोघांजवळही नव्हता. प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की, आपणही एक मानव आहोत, एखादा आपली बाजू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रभावीपणे मांडतो आणि जे ऐकू येते त्यावरून निवाडा होतो, अशा निवाड्याने ज्याला भावाचा हक्क मिळाला, त्याने आगीचा तुकडा घेतला असे समजावे. हे ऐकून दोघेही रडू लागले आणि माझा हक्क माझ्या भावाला असो, असे दोघेही म्हणाले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना न्यायाने वाटणी करण्यास, चिठ्ठ्या टाकण्यास व एकमेकांना माफ करण्यास सांगितले.

आता विचार करा. खुद्द प्रेषितांच्या (स.) निवाड्यानेही दुसऱ्याचा हक्क हलाल होत नसेल, तर केवळ समोरच्याचा खिसा रिकामा असल्यामुळे निवाडाच झाला नाही, म्हणून तो कसा हलाल होईल? आज प्रभावीपणे बाजू मांडणारा वकील पैशाने मिळतो. म्हणून ज्याच्याजवळ पैसा आहे, त्याने हा इशारा अधिक गांभीर्याने ऐकला पाहिजे. समोरच्याला तारखांनी थकवून पदरात पाडून घेतलेली तडजोड हीसुद्धा ‘सुलह’ नव्हे. इस्लामने समेटाला उत्तम म्हटले आहे, पण हराम वस्तूला हलाल करणाऱ्या समेटाला मान्यता दिलेली नाही.

हा दोष एकट्या भावाचाही नाही. इस्लामपूर्व मक्केत जबीदच्या एका यमनी व्यापाऱ्याकडून आस बिन वाइलने माल घेतला आणि पैसे बुडवले. परक्याच्या पाठीशी टोळी नव्हती, म्हणून त्याची दाद लागेना. शेवटी अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही लोक जमले, पीडिताच्या बाजूने उभे राहण्याची त्यांनी शपथ घेतली आणि त्याला त्याचा हक्क मिळवून दिला. हाच ‘हिल्फुल फुजूल’. तरुण वयात प्रेषित (स.) त्याला हजर होते आणि इस्लाम आल्यानंतरही अशा कराराची हाक आली तर आपण तिला प्रतिसाद देऊ, असे ते म्हणत.

आपल्या देशाच्या कायद्यानेही ही जबाबदारी स्वीकारली आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आले. आर्थिक दुर्बलतेमुळे कोणी न्यायाला मुकू नये, हा त्याचा आशय. महाराष्ट्रातल्या एम. एच. हॉसकोट यांच्या प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने गरजू कैद्याला मोफत वकील देणे हे शासनाचे कर्तव्य मानले, उपकार नव्हे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले, तरी मोफत विधी सहाय्य मागता येते. त्यात वकिलाची फी, कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्च येतो. नाशिकला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि १५१०० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. लोकअदालतीत प्रलंबित दावा मिटला, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. ही माहिती मशिदीच्या फलकावर लावणे आणि एखाद्या विधवेसोबत त्या कार्यालयापर्यंत जाणे, एवढे तर प्रत्येक मोहल्ल्याला शक्य आहे. न्याय मागताना कर्जात बुडालेल्या गरजूचा समावेश सूरह अत-तौबामध्ये सांगितलेल्या जकातीच्या आठ हकदारांत होऊ शकतो, हेही विसरू नये.

हजला निघण्यापूर्वी आपल्याकडे लोक घरोघरी जाऊन माफी मागतात. बहिणीच्या दारातही जातात आणि सर्वांसमक्ष तिच्याकडून “माफ केले” असे वदवून घेतात. तिचा वाटा मात्र भावाच्याच ताब्यात राहतो. ज्यांच्या घरात अशी वाटणी अडली असेल, त्यांनी आधी हिशेब करावा, वाटा तिच्या हातात द्यावा आणि मग माफी मागावी. तिने तो स्वखुशीने परत केला, तरच ती माफी.