दप्तर आणि पोवाडा

राष्ट्राच्या भूतकाळाची दप्तरे सांभाळणारे आणि त्या भूतकाळाला रूप देणारे बहुधा निराळे असतात. आणि या दोहोंत खरा हक्कदार कोण, असा तंटा उभा करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. सिंहगडाची कथा न्याहाळली, म्हणजे हा तंटा किती निरर्थक आहे हे ध्यानी येते.

१६६५ च्या पुरंदरच्या तहाने मोगलांकडे गेलेला कोंढाणा १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्याने रात्री कडा चढून घेतला आणि किल्लेदार उदयभान व तानाजी हे दोघेही कामास आले, एवढे निर्विवाद आहे. पुढे तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात कडा चढणारी घोरपड आली, तानाजीचा मुलगा रायबा याचे लग्न आले. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीत सती जाण्यास निघालेली कमलकुमारी आली. आणि १९२३ साली बाबूराव पेंटरांनी हीच कथा पडद्यावर आणली. तानाजीच्या मरणामुळे कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे तर महाराष्ट्रात पोरासोरांना तोंडपाठ आहे. तथापि ‘सिंहगड’ हे नाव शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रातच, म्हणजे त्या रात्रीच्या सात वर्षे आधी, आढळते.

म्हणून शाहिराला खोट्या साक्षीबद्दल दोषी धरावयाचे काय? मुळात तो साक्षीस उभाच नव्हता. पोटच्या पोराचे लग्न मांडवात तसेच ठेवून निघालेला बाप त्याने उभा केला, तो ज्यांच्या घरात लग्न हाच आयुष्यातील सर्वांत मोठा सोहळा होता अशा कुणब्या-मावळ्यांना स्वराज्याचे मोल त्यांच्याच हिशेबाने कळावे म्हणून. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिणाऱ्या आपट्यांनी गडाच्या कथेत एका विधवेचे दुःख गुंफले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या काळातील जिव्हारी लागलेली वेदनाच सतराव्या शतकात शिरली. अशा कृतींतून १६७० चा दाखला मिळत नाही. मिळतो तो, त्या रात्रीकडे वळून पाहणाऱ्या प्रत्येक पिढीला काय प्राणापलीकडे प्रिय होते याचा, आणि हा दाखला कोणत्याही दप्तरात सापडणारा नाही.

अनर्थ होतो तो या दोहोंची सरमिसळ झाल्यावर. कल्पिलेल्या प्रसंगावर इतिहासाचे शिक्कामोर्तब मागणारा कलावंत आपल्याच प्रतिभेला गौण ठरवितो. आणि अस्सल पत्र पुढे ठेवणाऱ्या संशोधकाला राष्ट्रद्रोही म्हणणारा समाज, ज्या पूर्वजांचा अभिमान मिरवितो त्यांचेच हस्ताक्षर नाकारतो. यास्तव शाळेत पोवाडा खड्या आवाजात म्हणवून घ्यावा आणि त्याच तासाला १६६३ चे पत्रही मुलांपुढे ठेवावे. तानाजीचे शौर्य त्या पत्राने तिळभरही उणे होत नाही. उणा होतो तो फक्त आपला आंधळेपणा, आणि तो गेल्यावाचून कोणत्याही राष्ट्राला आपल्या पूर्वजांवर डोळसपणे प्रेम करता येत नाही.