साठ श्वासांची मोजदाद

दोन महिन्यांच्या आतले बाळ शांत असताना मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर त्याला न्यूमोनिया झाला आहे असे धरून उपचार सुरू करावेत. त्याहून मोठ्या, पण वर्षाच्या आतल्या बाळासाठी हा आकडा पन्नास. एक्स-रे नको, स्टेथोस्कोप नको. पोट-छातीची वरखाली होणारी हालचाल तेवढी मोजायची. पापुआ न्यू गिनीतल्या अभ्यासांतून पुढे आलेली ही कसोटी १९८०च्या दशकात जगभर पोचली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ती गडचिरोलीच्या गावांत न्यायची ठरवली, तेव्हा वैद्यकशास्त्राचा प्रश्न जवळपास सुटलेला होता. अडले ते भलतीकडेच. बाळाजवळ वेळेवर पोचणारी एकमेव व्यक्ती म्हणजे गावची सुईण, आणि अनेक सुईणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते.

इथे बहुतेक संशोधन थांबले असते. ‘मनुष्यबळ अप्रशिक्षित’ असा शेरा अहवालात पडला असता आणि फाईल बंद झाली असती. बंग दांपत्याने सुईणीला काय येत नाही याऐवजी काय येते, ते पाहिले. तिला दहापर्यंत मोजता येते ना, मग दहापर्यंतच मोजू दे. त्यांनी एक साधे उपकरण बनवले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी हात शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोचला, तर बाळाला न्यूमोनिया. लहान बाळांसाठी मण्यांची एक ओळ, मोठ्यांसाठी दुसरी.

हे संशोधन कोणत्या विद्याशाखेचे? आजार ओळखायचा म्हणजे वैद्यकशास्त्र. वापरणाऱ्या हाताला साजेल असे उपकरण घडवायचे म्हणजे अभियांत्रिकी. निरक्षर बाईला नवे कौशल्य असे शिकवायचे की ती ते मध्यरात्री, चिमणीच्या उजेडात, कोणी शेजारी नसताना बिनचूक वापरेल, म्हणजे शिक्षणशास्त्र. आणि माझ्या मते तिन्हींत अवघड तेच. आपल्या विद्यापीठांत ही तीन कामे तीन इमारतींत चालतात, तीन वेगळ्या अभ्यास मंडळांपुढे जातात, आणि एका इमारतीतला माणूस दुसरीत क्वचितच पाऊल टाकतो.

परिणाम काय झाला, हेही सांगितले पाहिजे. कारण कल्पक उपकरणे आपल्याकडे पुष्कळ निघतात, मोजून दाखवलेला परिणाम विरळा. ज्या गावांत सुईणी आणि गावातले आरोग्य कार्यकर्ते न्यूमोनिया ओळखून गोळ्या-औषध देत होते, तिथे पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ होते. शेजारच्या, हा कार्यक्रम नसलेल्या गावांत ते १७.५ होते. हा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढचा टप्पा नवजात बाळांचा होता आणि तो अधिक कठीण निघाला. आरंभी गावोगावच्या नोंदी घेतल्या गेल्या. ३९ गावांत वर्षभरात जन्मलेली ७६३ बाळे पाहिली, तर निम्म्याहून अधिकांना वैद्यकीय मदत लागेल असा काही ना काही त्रास होता, आणि रुग्णालयात दाखल झालेली बाळे एक टक्कासुद्धा नव्हती. बाळंतीण आणि बाळ घराबाहेर पडत नाहीत; मग दवाखान्यानेच घरात गेले पाहिजे, हा निष्कर्ष त्या नोंदींतून आला. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. वजन करणे, बाळाला ऊब देण्यासाठी गुंडाळणे, जन्मतः न रडलेल्या बाळाला नळी-मास्कने श्वास देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे, आणि वेळ पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे हे सारे त्या शिकल्या. सातवी शिकलेल्या बाईने नवजात बाळाला इंजेक्शन द्यावे, ही कल्पना तेव्हा अनेक डॉक्टरांना सहन होण्यासारखी नव्हती. तिसऱ्या वर्षी या गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांत तो ५९.६ राहिला. सुरुवातीला दोन्हीकडे तो साठच्या आसपासच होता. १९९९ मध्ये हा अभ्यासही ‘लॅन्सेट’मध्ये आला.

त्या ४७ गावांविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. तिथेही बाळे जन्मत होती. सरकारी आरोग्यसेवा आणि अंगणवाडी नेहमीसारखी चालू होती, पण आरोग्यदूत नव्हती. संवेदनशील माणसाला हा विचार टोचतो, आणि टोचलाच पाहिजे. तरीही मी त्या तुलनेच्या बाजूने आहे. ती गावे नसती तर मृत्युदर घटला तो रस्ता झाला म्हणून, पीकपाणी बरे झाले म्हणून, की आरोग्यदूतामुळे, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकले नसते. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आशा’ कार्यकर्तीच्या कामात घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा समावेश केला. ‘गडचिरोलीत एक सेवाभावी जोडपे चांगले काम करते’ एवढ्या ऐकीव माहितीवर असा निर्णय देशभर लागू होत नाही. त्याला पुरावा लागतो. मात्र अशा तुलनेची नैतिक परवानगी संशोधकाला एकाच अटीवर मिळते: उत्तर सापडल्यावर ते सर्वांपर्यंत नेण्याची धडपड त्याने आयुष्यभर केली पाहिजे. शोधनिबंध छापून विषय बदलणाऱ्याला ती मुभा नाही.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे काम याच जातकुळीचे. कोकणात लाल विंचू चावलेला माणूस घामाघूम होतो, उलट्या करतो, हातपाय गार पडतात आणि हृदय व फुप्फुसे निकामी होऊन दगावतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या या डॉक्टरने रुग्णाच्या उशाशी बसून ही लक्षणे क्रमाने टिपली आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध इथे उपयोगी पडते, हे दाखवून दिले. पुढे २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यावर काय होते, याची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. प्रयोगशाळा नव्हती, अनुदान नव्हते. पण ज्या मृत्यूंशी जगातल्या मोठ्या संशोधन केंद्रांचा कधी संबंध आला नसता, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होत होते.

शिक्षणातला पुरावा अधिक निसरडा असतो, कारण मूल शिकले की नाही हे मृत्यूसारखे स्पष्ट दिसत नाही. म्हणून ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत, वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुलींना तुटपुंज्या मानधनावर नेमले. वर्गातली मागे पडलेली पंधरा-वीस मुले त्या रोज दोन तास वेगळी बसवून वाचन आणि अंकओळख शिकवत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून तुलना केली. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले: बालसखी मिळालेल्या इयत्तांत मुलांचे गुण वाढले, आणि ती वाढ मुख्यतः तळाच्या मुलांची होती. जी मुले मूळ वर्गात राहिली, त्यांचा वर्ग दोन तास लहान झाला तरी त्यांना काही फायदा झाला नाही. वर्गातली पटसंख्या कमी करा म्हणजे सगळे सुधारेल, हे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. तिसरीच्या मुलाला तिसरीचे पुस्तक वाचता येत नसेल, तर त्याच पुस्तकाच्या वर्गात वीस मुले कमी असून त्याला काय उपयोग? त्याला त्याच्या पायरीवरून शिकवायला हवे. याच अभ्यासाने आणखी एक कटू गोष्ट नोंदवली: कार्यक्रम थांबून वर्ष झाल्यावर कमावलेल्या फायद्याचा बराच भाग ओसरला होता. संशोधकांनी ती लपवली नाही, म्हणून त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसतो.

अभियांत्रिकीबद्दल थोडक्यात. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस घडवलेला जयपूर फूट सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीचे विदेशी कृत्रिम पाऊल बुटात घालायचे असे. त्यावर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात अनवाणी चालता येत नसे. म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पाऊलच नव्हते. रबराचे, लवचीक आणि पाण्याला न भिणारे पाऊल हवे, हे रुग्णाच्या बसण्या-उठण्याकडे पाहून कळले. त्यासाठी शल्यविशारदाला कारागिराशी बरोबरीने बोलावे लागले. आपल्या समाजात ही गोष्ट आजही दुर्मीळ आहे.

आता आपल्या उच्च शिक्षणाकडे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली, आणि शोधनिबंधांची संख्या हा बढतीचा एक दरवाजा झाला. दरवाजा तयार झाला की तिकिटे विकणारे येतातच. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले, की विद्यापीठांनी सुचवल्यामुळे आयोगाच्या मान्य यादीत आलेल्या आणि इतरत्र कुठे न नोंदलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४,३०५ नावे काढली. पीएच.डी.साठी निबंध छापलाच पाहिजे, ही सक्ती २०२२ मध्ये गेली. याद्या बनवून आणि मोडून रोग बरा होणार नाही. प्रश्न कोठून आला, हे कोणी विचारतच नाही.

एम.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. एम.एड.ला लघुप्रबंध असतो, बी.ई.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्प. महाराष्ट्रात दरवर्षी होणाऱ्या या कामांची बेरीज प्रचंड आहे. त्यातला किती भाग विकत आणलेल्या तयार प्रकल्पांचा असतो, हे मोठ्या शहरांतल्या झेरॉक्सच्या दुकानांत उभे राहिले तरी कळते. त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांना कोणी खरा प्रश्न दिलेला नसतो. विषय मार्गदर्शकाच्या सोयीचा, नमुना हाताशी आलेल्यांचा, आणि निकाल कपाटात.

एखाद्या तालुक्याने आपले दहा प्रश्न लिहून जवळच्या महाविद्यालयांपुढे ठेवले तर? अमुक गावाची नळपाणी योजना दरवर्षी फेब्रुवारीत का कोरडी पडते? चौथीतल्या मुलांना वजाबाकी नेमकी कोणत्या पायरीवर अडते? बाळंतिणींचे हिमोग्लोबिन गोळ्या देऊनही का वाढत नाही? आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्राच्या पुढाकाराने सुरू झालेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी असे काम करून पाहिले आहे. म्हणजे हे स्वप्नरंजन नाही. माझे म्हणणे एवढेच, की एकाच प्रश्नावर सलग वर्षे काम व्हावे. यंदाच्या तुकडीने नोंदी घ्याव्यात, पुढच्या तुकडीने त्या तपासून उपाय आखावा, तिसरीने तो चुकला की बरोबर ठरला ते मोजावे. हिमोग्लोबिनच्या प्रश्नात एम.डी.चा विद्यार्थी रक्त तपासेल, एम.एड.ची विद्यार्थिनी गोळ्यांबद्दल घरात काय बोलले जाते ते ऐकेल, आणि बी.ई.चा विद्यार्थी औषधाचा साठा उपकेंद्रात पोचेपर्यंत कुठे रखडतो ते शोधेल. तिघांचा प्रबंध एक आणि गुण तिघांना. नियम आडवे येतील, पण ते विद्यापीठानेच केलेले आहेत. विद्यापीठ ते बदलू शकते.

आणि उत्तर परत गेले पाहिजे. आज आशाताई नवजात बाळाच्या घरी सहा वेळा जाते, घरी बाळंतपण झाले असेल तर सात वेळा. ती वजन घेते, ताप पाहते आणि फॉर्म भरते. फॉर्म प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, आणि संगणकात शिरतो. तिच्या गावात यंदा अडीच किलोच्या आतली किती बाळे जन्मली, गेल्या वर्षीपेक्षा ती वाढली की घटली, शेजारच्या गावाचे काय, हे तिला बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. ही माहिती तिनेच गोळा केलेली आहे. तिच्या मासिक बैठकीत तालुका आरोग्य अधिकाऱ्याने पहिली दहा मिनिटे तिचेच आकडे तिच्यापुढे मांडण्यासाठी राखून ठेवावीत, आणि ते पाहून तिच्या मनात जो प्रश्न येईल, तो पुढच्या वर्षीच्या प्रबंधांच्या यादीत तिच्या नावासह लिहून घ्यावा.