पडद्यामागचा गळा

मनातल्या मनात लताबाईंचं एखादं गाणं लावा. कोणतंही चालेल. शब्द आठवले नाहीत तरी बिघडत नाही, चाल पुरे. एक कडवं होऊ द्या.

आता बघा, डोळ्यांसमोर कोण आलं? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गाणारी बाई येत नाही. मधुबाला येते, नूतन येते, जयश्री गडकर येते. चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा, आणि यात आपल्याला काहीच वावगं वाटत नाही. का वाटत नाही, हे घाई न करता पाहू.

त्यासाठी नेवाशाला जाऊन बसू. अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी. तिथल्या मंदिरात एक दगडी खांब आहे, पैस खांब. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. ते वर्ष शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. नऊ हजारांवर ओव्या. आपण दर्शन घेतो ते सांगणाऱ्याचं. आज लिहून घेणाऱ्याकडे लक्ष न्या. सच्चिदानंदबाबांकडे. शब्द येतो आहे दुसऱ्याच्या मुखातून आणि उतरतो आहे यांच्या हातातून. या हातानं मध्ये आपलं काही मिसळायचं नाही, मागे राहायचं नाही आणि पुढेही धावायचं नाही. तो हात थोडा वेळ डोळ्यांसमोर धरा. पुढे त्याच्याशी काम आहे.

साडेसहाशे वर्षांनी, १९४० मध्ये, प्रभात कंपनीनं 'संत ज्ञानेश्वर' काढला. दिग्दर्शन दामले-फत्तेलालांचं. ज्ञानेश्वर झाले शाहू मोडक. हे मोडक नगरचेच, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जन्म १९१८ चा, घराणं ख्रिस्ती. पडद्यावर ते कितीतरी वेळा कृष्ण झाले आणि लोकांनी त्यांना कृष्ण म्हणूनच डोक्यावर घेतलं. ख्रिस्ती घरातला मुलगा कृष्ण आणि माउली कसा झाला, असं आज कुणी कुतूहलानं विचारेल. नगरला त्याचं एवढं नवल नसावं. रेव्हरंड टिळकांनी या भागात राहून ख्रिस्तावर अभंग रचले, इथं ख्रिस्ताची कीर्तनं झाली. देव कुणाचाही असो, चाल ओळखीची होती.

शाहू मोडकांचा पहिला बोलपट मात्र त्याआधीचा, १९३२ चा 'श्यामसुंदर'. तेव्हा ते चौदा वर्षांचे, आणि राधेच्या भूमिकेत शांता आपटे. त्या काळात नटाला गावंच लागे. कॅमेरा आणि माइक एकदम चालू, वाजवणारे चौकटीबाहेर कुठंतरी दडलेले, आणि समोरचा मुलगा अभिनय करता करता गातो आहे. सूर चुकला तर चित्रही पुन्हा घ्यायचं. क्षणभर त्या मुलाच्या जागी उभे राहा. चेहऱ्यावर हसू आहे आणि श्वास छातीत मोजून ठेवलेला आहे. कपाळावर दिव्यांची धग. जे ओठ हलताहेत, त्यांच्याच मागचा गळा गातो आहे. तुमचा श्वासही आता तसाच जरा धरून ठेवा. आणि सोडा.

हे फार दिवस टिकलं नाही. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं 'धूपछाँव'साठी गाणी आधी ध्वनिमुद्रित करून घेतली आणि चित्रीकरणाच्या वेळी नटांना नुसते ओठ हलवायला लावले. संगीत रायचंद बोराल यांचं. गळा आणि चेहरा वेगळे झाले. नटाची सोय झाली, कॅमेऱ्याची झाली, गाण्याचं तर भलं झालंच. नुसतं गाणंच करणाऱ्या माणसाला आता पूर्ण लक्ष गाण्याला देता आलं. मला हा तोट्याचा व्यवहार वाटत नाही. पण एक माणूस त्यात अंधारात गेलं.

१९४९ च्या 'महल'कडे या. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. त्यातल्या एका गाण्यात दुरून जवळ येणारा आवाज हवा होता आणि हे काम यंत्रावर सोपवण्याची सोय नव्हती. म्हणून एकोणीस-वीस वर्षांच्या लता मंगेशकरांना खोलीच्या कोपऱ्यात उभं केलं गेलं. गात गात माइकपाशी चालत यायचं आणि मुखड्याच्या वेळी नेमकं तिथं पोचायचं. हे चालणं आपण करून पाहू. डोळे मिटून. एक पाऊल, एक सूर. पावलाचा आवाज होता कामा नये, ताल सुटता कामा नये, आणि माइक किती लांब आहे हे अंगाला कळायला हवं. कुणी बघत नाही. उद्या पडद्यावर या चालीनं दुसरीच कुणीतरी येणार आहे.

ते गाणं गाजलं. रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं: कामिनी. ते मधुबालाच्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओला पत्रं लिहिली, ही गाणारी कोण? मग खरं नाव सांगितलं गेलं. पुढे फिल्मफेअरमध्ये गायकांना स्वतंत्र पुरस्कार नाही म्हणून समारंभात गायला लताबाईंनी नकार दिला. १९५९ मध्ये तो पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. या भांडणावरून त्यांना अहंकारी म्हणणारे होते. मला तसं म्हणवत नाही, आणि ते नेवाशामुळे.

ज्ञानेश्वरीची शेवटची ओवी आठवा. पसायदान मागून झालेलं आहे, सगळ्या जगासाठी मागून झालेलं आहे. त्यानंतर त्या ओवीत शक येतो, सांगणाऱ्याचं नाव येतं आणि त्यापाठोपाठ लिहून घेणाऱ्याचंही येतं. स्वतःला पूर्ण पुसून ज्यानं दुसऱ्याचा शब्द उतरवला, त्याचं नाव पोथीनं पुसलं नाही. १२९० मध्ये हे सुचलं होतं, १९४९ च्या रेकॉर्ड कंपनीला सुचलं नाही.

पसायदान लताबाईंनीही गायलं, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर. ते ऐकताना डोळ्यांसमोर कुठलीच नटी येत नाही. पाहा, कोण येतं. मला कधी खांब दिसतो, कधी नुसती पांढरी साडी, आणि बऱ्याचदा कुणीच नाही.

आता सुरुवातीचं गाणं पुन्हा लावा, पण या खेपेला मुख्य आवाज सोडून द्या. मागचा कोरस ऐका. मधली बासरी, ढोलकीचा ठेका, व्हायोलिनचा ताफा. एकेकापाशी थांबा आणि वाजवणाऱ्याचं नाव आठवतं का पाहा. आठवणार नाहीत. एक तरी शोधून काढा.