भूल द्यावी घ्यावी

मराठी भाषेचा डॉक्टरांवर काहीतरी जुना राग असावा. ऑपरेशनआधी माणसाला बेशुद्ध करण्याच्या विद्येला १८४६ साली अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-कवीने 'ॲनेस्थेशिया' असं भारदस्त ग्रीक नाव सुचवलं. आपण तिला 'भूल' म्हणतो. म्हणजे चूक तीही भूल आणि हीही भूलच. इतर डॉक्टर गोळ्या देतात, इंजेक्शनं देतात, फार तर धीर देतात. हे एकटेच असे, की राजरोस भूल देतात आणि वर तिचे पैसे घेतात.

व्यापारी लोकांत हिशेबाच्या तळाशी 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहायची जुनी चाल आहे. माझ्या पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नर्सबाईंनी संमतीपत्र पुढे केलं, तेव्हा त्यात मला तोच मजकूर दिसला. फरक एवढाच, की चूकभूल द्यायची सगळी त्यांनी आणि घ्यायची सगळी मी. 'सर्व ज्ञात व अज्ञात धोक्यांची मला पूर्ण कल्पना देण्यात आली आहे,' असं त्यात होतं. अज्ञात धोक्यांची पूर्ण कल्पना! ती ब्रह्मदेवालाच असते अशी आजवर माझी समजूत होती. मी तसं म्हणूनही दाखवलं. नर्सबाई म्हणाल्या, "काका, तीन ठिकाणी सह्या आहेत." धोक्यापेक्षा मला त्या 'काका'नेच जास्त धक्का बसला.

आता सही हा तर माझ्या पोटापाण्याचा विषय. बावीस वर्षं काउंटरवर बसून मी लोकांच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहतोय. त्या संध्याकाळी मी जी थरथरती सही ठोकली, तसल्या सहीचा चेक कोणी आणला असता तर मी तो मुकाट्याने परत केला असता. शिवाय बी.कॉम.ला आम्हाला कराराचा कायदा होता. १८७२ चा कायदा, कलम १३ : दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने कबूल झाली, की ती संमती. डॉक्टरांच्या मनात दुर्बिणीतून पित्ताशय काढणं. माझ्या मनात विम्याचे कागद कपाटाच्या कुठल्या खणात आहेत, हे हिला सांगायचं राहिलं. गोष्ट एक नाही, अर्थ एक नाही. तरी सह्या तीन!

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्या स्टूल ओढून बसल्या. बसल्या हे मुद्दाम सांगतो, कारण रुग्णाशी उभ्याने बोलणारा माणूस अर्धा निघालेला असतो. कुठला दात हलतो का, घोरता का, घराण्यात कोणाला भुलेचा त्रास झालाय का, असं सगळं विचारून झालं. घोरण्याचं उत्तर हिनेच दिलं, जरा विस्ताराने. मग त्या म्हणाल्या, "सहा तास आधीपासून काही खायचं नाही. भुलेत घशाची राखण सुटते. पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं." 'उपाशीपोटी यावे' हा हुकूम मी आजवर शंभरदा वाचला असेन, पण त्याचं कारण मला प्रथमच कोणीतरी सांगत होतं.

"धोका किती?" मी विचारलं. "आकड्यांत सांगा, मी बँकेत आहे."

त्यांनी आकड्यांत सांगितलं. दहांतल्या तिघांना नंतर मळमळ किंवा उलटी. घशात नळी घालतात म्हणून घसा खवखवतो, तो पुष्कळांचा. पित्तनलिकेला इजा हजारात तीन ते पाच, पण ते खातं सर्जनचं. ऑपरेशन चालू असताना मध्येच जाग येण्याला लोक फार घाबरतात. ब्रिटनमधल्या २०१४ सालच्या मोठ्या पाहणीत ते प्रमाण एकोणीस हजारांत एक असं निघालं. "आणि धडधाकट माणूस निव्वळ भुलेने दगावणं लाखात एकाच्या आसपास."

लाखात एक! वधूवरांच्या जाहिरातीत हे शब्द किती गोड वाटतात. पण रोकड मोजताना लाखात एक रुपया कमी भरला तरी आम्ही ती पुन्हा मोजतो, कारण तो रुपया कोणाचा तरी असतो. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढायचं म्हणून क्लोरोफॉर्म हुंगून झोपली, ती उठलीच नाही. ते औषध वापरात येऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते. तिला धोका सांगणार कोण? तो कोणाला माहीतच नव्हता. आज माहीत आहे, छापलेला आहे, आणि तरी 'इथे सही करा' एवढंच सांगतात, हे मला खटकतं. डॉक्टरीणबाई उठल्यावर मी ते तीनही कागद परत मागवून सह्या पुन्हा ठळक केल्या. आता त्या नमुन्याशी जुळल्या असत्या.

पण सही झाली तरी एक प्रश्न उरतोच. मी शुद्धीत दिलेला शब्द मी बेशुद्ध असताना कोणी पाळायचा? २००८ साली सुप्रीम कोर्टापुढे असंच प्रकरण निकाली निघालं. एका बाईंनी दुर्बिणीतून फक्त तपासणी करायला संमती दिली होती. त्या भुलेत असताना डॉक्टरांना वाटलं, गर्भाशय काढणंच बरं. बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि काढलं. हेतू वाईट होता असं कोर्टानेही म्हटलं नाही. पण जिवावर बेतलेलं नव्हतं, बाई सज्ञान होत्या, तासा-दोन तासांनी जाग्या होणार होत्या; तोवर थांबायला हवं होतं, आईची सही तिथे चालत नाही, असा निकाल झाला. मला तो पटतो. एखाद्या खातेदाराचे पैसे बचत खात्यात नुसते पडून असतात. मुदत ठेवीत टाकले तर त्याचंच भलं आहे, हे मला दिसतं. म्हणून तो घरी झोपलेला असताना मी ते हलवू शकत नाही. त्याची बायको समोर उभी असली तरी नाही.

मी हे हिला सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे तुम्ही आत असताना मी कशालाच हो म्हणायचं नाही?"

"जिवावर बेतलं तर म्हण. नाहीतर माझी जाग येईपर्यंत थांबायला सांग."

"आणि जागे झाल्यावर तुम्ही महिनाभर विचार करणार! पंखा घ्यायला दोन उन्हाळे घालवलेत." पण सकाळी तिने सर्जनना दारातच गाठलं. "ठरलंय तेवढंच काढा. जास्तीचं काही दिसलं तर यांना उठल्यावर विचारा." सर्जन हसले. ही हसली नाही. मग त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं.

आत नेल्यावर मला नाव, ऑपरेशन आणि पोटाची बाजू वेगवेगळ्या माणसांनी पुन्हा पुन्हा विचारली. आमच्याकडे एकाने व्हाउचर लिहायचं आणि दुसऱ्याने पास करायचं, तसलाच प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेची ही यादी. ती बनवण्यात पुढाकार होता बोस्टनचे सर्जन अतुल गावंडे यांचा. वडील मूळचे महाराष्ट्रातले, तेव्हा आपण कॉलर ताठ करायला हरकत नाही. चिरण्याआधी सगळ्यांनी थांबायचं, रुग्ण कोण, काय करायचं, कुठे करायचं, हे मोठ्याने म्हणायचं. शेवटी कापसाचे बोळे आणि सुया मोजायच्या. काम कारकुनी आहे. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यातलं एक दिल्लीचं, ती वापरून पाहिली आणि २००९ साली आकडे छापले. मोठी गुंतागुंत शेकडा अकरावरून सातावर आली, मृत्यू दीडवरून ०.८ वर. म्हणजे हजारामागे सात माणसं वाचली. ती सात कोण, ते सांगता येत नाही. त्यांना स्वतःलाही माहीत नाही. ती आपली घसा खवखवतो म्हणून कुरकुरत घरी गेली असतील.