हळद, लिंबू आणि चुन्याने भाजलेला डोळा

तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी लहान मुलाच्या हाती लागली की ते ती दाबून बघतं. पुडी फुटते आणि ओला चुना थेट डोळ्यात उडतो. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा अपघातांची वारंवार नोंद केली आहे. आम्लाने डोळा भाजला तर वरची प्रथिनं गोठतात आणि बऱ्याचदा तो गोठलेला थरच आम्लाला पुढे जाऊ देत नाही. चुन्यासारख्या अल्कलीचं तसं नाही. ती पेशींच्या आवरणातल्या चरबीचा साबण करत आत शिरते. चुना कॉस्टिक सोड्याइतका झपाट्याने खोल जात नाही, पण त्याचे कण वरच्या पापणीच्या आतल्या खाचेत चिकटून बसतात आणि डोळा भाजतच राहतो.

अशा डोळ्यासाठी वनस्पतींमधून औषध शोधण्याचं काम गेली अनेक वर्षं नेटाने चालू आहे. हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीमधलं ईजीसीजी, द्राक्षाच्या सालीतलं रेसव्हेराट्रॉल, कांद्यातलं क्वेर्सेटिन ही त्यातली काही नावं. त्यामागचा विचार पक्का आहे. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, स्वच्छ राहतो कारण त्यात रक्तवाहिन्या नसतात. भाजल्यानंतरच्या दिवसांत तिथे पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी होते, त्यांच्यातून सुटणारी विकरं पडद्यातलं कोलॅजन खातात आणि कडेने नव्या रक्तवाहिन्या आत घुसतात. कर्क्युमिन दाहाचा संदेश दाबतं, ईजीसीजी त्या विकरांना आवर घालतं. उंदीर आणि सशांच्या डोळ्यांत हे परिणाम दिसले आहेत.

यावर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक म्हणते, हे आमच्या आजीला ठाऊकच होतं. दुसरी म्हणते, झाडपाल्याचं काय घेऊन बसलात! मला दोन्ही घातक वाटतात. पहिलीमुळे माणसं भाजलेल्या डोळ्यात हळद, मध, तूप घालतात. दुसरीमुळे खरोखर उपयोगी पडू शकेल असं द्रव्य शोधनिबंधातच पडून राहतं.

झाडातून आलेलं औषध या उपचारात आधीपासूनच आहे. डोळा भाजला की आतले स्नायू आकसून कळा येतात. त्या थांबवायला डॉक्टर अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालतात. अ‍ॅट्रोपिन बेलाडोनातून मिळालं, आणि आपल्या धोतऱ्यातली द्रव्यंही त्याच कुळातली. पण धोतऱ्याचा रस डोळ्यात पिळा, असं कोणताही शहाणा वैद्य सांगणार नाही. द्रव्य वेगळं काढलं, मोजलं, निर्जंतुक केलं, म्हणून ते औषध झालं.

लिंबाची गोष्ट याहून बोलकी आहे. डोळ्यातल्या द्रवात क जीवनसत्त्वाचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतं. अल्कलीने खोल भाजलं की ते घसरतं, आणि क जीवनसत्त्वावाचून पेशींना कोलॅजन नीट विणता येत नाही. एका परीने डोळ्यापुरता स्कर्व्हीच होतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत रॉसवेल फिस्टर आणि सहकाऱ्यांनी सशांवर दाखवलं की बाहेरून अ‍ॅस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्वच, दिलं तर कॉर्नियाला व्रण पडण्याचं प्रमाण घटतं. पुढे लिंबातल्याच सायट्रिक आम्लाचा क्षार, सायट्रेट, पांढऱ्या पेशींचा मारा कमी करतो हेही दिसलं. म्हणजे लिंबातल्या दोन गोष्टी या डोळ्याच्या कामाच्या. तरीही चुन्यावर उतारा म्हणून लिंबू पिळणं हा अघोरी प्रकार आहे. लिंबाचं आम्ल पोळलेल्या पडद्याला आणखी पोळेल आणि पाण्याने धुण्याची मोलाची मिनिटं वाया जातील.

झाडाचं ते सौम्य, हा समज रुईपाशी तरी गळून पडावा. शनिवारी मारुतीला घालायच्या माळेसाठी पानं तोडताना तिचा चीक बोटांना लागतो आणि तेच बोट डोळ्याला जातं. तो चीक कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थरापर्यंत पोचतो. पडदा सुजून दृष्टी धुरकट होते, आणि अनेकदा दुखत मात्र नाही. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात उशिरा जातो.

प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांकडेही जरा बारकाईने पाहायला हवं. तिथे भूल दिलेल्या उंदराच्या कॉर्नियावर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवलेली गोल कागदी चकती अर्धा मिनिट ठेवतात, लगेच डोळा धुतात आणि औषध सुरू करतात. जखम नेमकी, वेळ नेमकी. खेड्यातलं मूल रुग्णालयात पोचतं तेव्हा काही तास गेलेले असतात, पापणीखाली चुन्याचे गोळे असतात आणि वाटेत कोणी काय काय घातलेलं असतं. कर्क्युमिन तर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि अल्कलीत लवकर विघटित होतं. शिवाय कॉर्नियाच्या कडेच्या मूलपेशी जळून गेल्या असतील तर कोणतंही कर्क्युमिन त्या परत आणणार नाही. तिथे धडधाकट डोळ्यातल्या ऊतीचा छोटा तुकडा घेऊन रोपण करावं लागतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंदर सांगवान आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली अशी एक सोपी पद्धत २०१२ मध्ये जगापुढे आली.

हळदीची लढाई आपण एकदा जिंकलो आहोत. जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकेत १९९५ साली दिलेलं पेटंट सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा संस्थेचे प्रमुख होते. त्या विजयाचा मलाही अभिमान आहे. पण तिथे सिद्ध झालं ते इतकंच, की हा वापर नवा नाही. किती द्यायचं, कोणत्या दिवशी, कोणत्या डोळ्याला, हे प्रश्न तसेच उरले. ते माणसांवरच्या चाचण्यांनीच सुटतील, आणि त्यासाठी अनेक शहरांतल्या रुग्णालयांनी एकत्र यायला हवं, कारण एका ठिकाणी सारख्या जखमांचे पुरेसे रुग्ण जमत नाहीत. चुन्याने भाजलेले डोळे आपल्याकडे आहेत. त्या चाचण्या आपणच करायला हव्यात.

तोवर घरोघरी एवढंच पाळा. डोळ्यात चुना, अ‍ॅसिड किंवा चीक गेला तर जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने तिथल्या तिथे, पापण्या उघड्या धरून किमान अर्धा तास धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. दुसरं काहीही डोळ्यात घालू नका. आणि चुन्याची पुडी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.